कुंकवाचं बोट

मी एक जुना कनेक्टिंग रॉड आहे, मित्रांनो. नाव भारदस्त, पण मी साधाच; हातभरही लांब नसलेला पोलादी दांडा. धाराशिवच्या धावपट्टीवर मुलांना उडायला शिकवणारं एक छोटं विमान आहे, त्याच्या इंजिनात मी राहतो. पिस्टनचं मागंपुढं होणं मी क्रँकला, म्हणजे गोल फिरणाऱ्या दांड्याला, पोचवतो, तेव्हा कुठं पुढचा पंखा फिरतो. तेर, बेंबळी या गावांवरून वर्षानुवर्षं गेलो, पण आकाश काही पाहिलं नाही. लोक फोटो काढतात ते विमानाच्या पंखांसोबत. चालायचंच.

माझ्या एका टोकाला सुटी होणारी कॅप आहे. तिच्यात आणि माझ्यात अर्ध्या चंद्रासारखे बेअरिंगचे दोन तुकडे बसतात. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात तेलापुरती, केसाएवढी फट लागते. ती आटली की इंजिन हवेतच जाम व्हायचं.

यंदा इंजिन पूर्ण उघडलं. मोनिका आमची मेकॅनिक. तिनं मला धुतलं, मोजलं आणि चांगला आहे म्हणून कापडावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. वर्कशॉपचे थोरले इंजिनिअर शांतलिंगकाका यांनी पाने-पकडी, माप घ्यायचे गेज, सुटे रॉड अशा सगळ्यांना कुंकू लावलं, झेंडू वाहिला. माझ्यासमोर कुणी हात जोडायची ही पहिलीच वेळ. मी जरा फुगलोच.

पूजा उरकल्यावर काकांनी आम्हाला पुसलं, नवी बेअरिंगं बसवली, बोल्ट आवळले. आतलं माप घेतलं, तर माझी फट एका जागी कमी भरली. परत घेतलं, तरी तेच.

"म्हातारं वाकलं हे. टाक भंगारात, नवा मागवू."

माझा फुगारा पार उतरला. आयुष्यभर धावलो, आणि निरोप असा.

मोनिका मात्र हलली नाही. "काका, पूजेआधी ह्याचं माप बरोबर होतं. पूजेनं माणसं सुधरतात म्हणं, हा एकटाच कसा बिघडला?"

काका पुटपुटले की गेज काय खोटं बोलतंय व्हय. तिनं वाद घातला नाही. बोल्ट सोडले, कॅप काढली, बेअरिंगचा तुकडा उचलला. त्याच्या मागं, कॅपच्या आतल्या गोलाईत, तेलात माखून चिकटलेलं कुंकू होतं. बोट ओढल्यासारखं. त्या थरानंच बेअरिंग आत ढकलून फट खाल्ली होती. बाहेरून पुसलं होतं. आत फडकं गेलंच नव्हतं.

काकांनी आपलं बोट त्या खुणेशेजारी धरलं. जाडी अगदी तीच.

"माझंच हाय," ते हळूच म्हणाले. "टिळा म्या लावला, अन् शिक्षा ह्याला देत होतो."

मोनिका हसली, मग काकाही. मला पुन्हा धुतलं, बेअरिंग बदललं. काट्यानं बरोबर माप दाखवलं, तेव्हा आमच्या तिघांचाही श्वास मोकळा झाला. परवा इंजिन सुरू झालं. कान लावून बसलेल्या काकांना कुठंच खडखड ऐकू आली नाही. आता मी पुन्हा अंधारात, तेलात न्हात सुखानं धावतोय.

मित्रांनो, यंत्राला हात जरूर जोडा, कुंकू मात्र बाहेरच्या कवचाला लावा. आणि कुणालाही म्हातारा म्हणून फेकण्याआधी एकदा खोलून, पुसून बघा. आत कदाचित तुमचंच बोट उमटलेलं असेल.