कात्रीला न जुमानणारा झुबका

मी एक जुना झुबका आहे, शोभेच्या गवताचा. मित्रांनो, ‘शोभेचा’ या शब्दावर जाऊ नका. वाऱ्यापुढे मी वाकतो, बाकी कुणापुढे नाही.

रोपवाटिकेतून काकूंनी मला आणले तेव्हा मी मूठभर होतो. त्यांनी मला फाटकाजवळ भर उन्हात लावले. मुळे धरेपर्यंत रोज पाणी दिले, मग बेताचे. खत जवळजवळ नाहीच. “लाडावला तर आडवा पडेल मेला,” असे त्या म्हणत. त्यांना माझे रुपेरी तुरे बघायचे होते.

पण काकांचे दुकान होते केस कापायचे, घराच्याच पुढच्या खोलीत. विस्कटलेले काही दिसले की त्यांचे हात शिवशिवत. दर सुट्टीला ते कंगवा-कात्री घेऊन माझ्यापुढे बसत आणि मला गोल गरगरीत करून टाकत. “कापलं की जोमानं वाढतं,” हा त्यांचा धंद्यातला अनुभव. अहो, पण माझा तुरा शेंड्याला येतो! पोटात धरलेला तुरा ते दर वेळी छाटून टाकत.

दोन वर्षे एकही तुरा आला नाही. काका वैतागले. “नुसतं खातंपितं, फुलत काही नाही. उपटून टाकतो आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं ठेवतो.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक कात्रीची आणि शिक्षा मला!

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “या वर्षी त्याला हात लावायचा नाही. तुरे नाही आले, तर मी स्वतः कुदळ आणून देते.”

“दुकानासमोर हे झिपरं ठेवू? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

लोक म्हणालेच. “काय राव, फाटकातलं गिऱ्हाईक कधीपासून नंबर लावून बसलंय?” काका मान खाली घालून वस्तरा परजत राहत. मी मात्र हट्टाने वाढत होतो. हरलो असतो तर माझ्याबरोबर काकूंचाही शब्द खाली पडला असता. दिवस लहान होऊ लागले आणि एका सकाळी पहिला तुरा वर आला. मग दुसरा, मग कितीतरी. काका फाटकाशी थबकले. आत जाऊन दुकानातली खुर्ची त्यांनी माझ्याकडे तोंड करून ठेवली.

थंडीत मी वाळलो. शेजारीण म्हणाली, “गेलं हो तुमचं गवत.” गेलं म्हणे! मुळांशी मी ठणठणीत होतो आणि वाळकी पाती माझेच पांघरूण होती. काकूंनी तिला काढू दिली नाहीत.

थंडी सरताना बुंध्याशी हिरवी टोके दिसली, तेव्हा काकूंनी काकांच्या हाती विळा दिला. “आता कापा. वीतभर ठेवून सगळं.”

काकांचा हात पुढे होईना. “इतकं छान दिसतंय, राहू दे ना,” ते पुटपुटले. मला दर सुट्टीला भादरणारा माणूस हा! मला हसूच आले.

मित्रांनो, गवत लावलेत तर वर्षातून एकदा, वेळेवर कापा. एरवी लुडबुड करू नका, आणि आमची कीव तर मुळीच करू नका. चालवा काका विळा, खाली मी तयार आहे.