पायरी सुटताना

आईचा पाय ताडकन झटकला, लेकीच्या कोपराला लागला आणि तिच्या हातातल्या लाल पेनाने पानभर तिरकी रेघ ओढली. दुपारचे अडीच वाजले होते.

"नान्या, धर रे."

मिटल्या डोळ्यांनीच आई हवेत हात चाचपत होती. लेकीने तो पकडला आणि आवाज जाड करून म्हटलं, "धरलंय."

आईचा श्वास संथ झाला.

डोळा लागता लागता आईला जिन्याची पायरी चुकल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं, रोज. अंग सैल पडतं, मेंदूला वाटतं आपण पडतोय, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीने त्यावर मिळेल ते वाचून काढलं. पडताना माणूस कुणाला हाक मारतं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आईसाठी तिने मुद्रितं तपासायचं काम घरी आणलं होतं. छापखान्याचे मालक फोनवर विचारायचे, बाई, ही रेघ म्हणजे दुरुस्ती की राग? ती हसण्यावारी न्यायची.

चहा पिताना आई म्हणाली, "पोरगं एवढं लांब, पण मी पडायला लागले की हजर. तू आपली शेजारी बसून पुस्तकात नाक खुपसून."

नान्या म्हणजे थोरला. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचा. लेकीने कप विसळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

थोरला आला, राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला, की आईला झोपेतसुद्धा माझाच आधार वाटायचा, फोनवर स्वतः म्हणायची. मावशी म्हणाली, मुलगा असावा तर असा. लेक पाण्याचे ग्लास गोळा करत होती.

नवव्या दुपारी तो आईच्या पलंगावर आडवा झाला. ती शेजारी खुर्चीत काम घेऊन बसली होती. त्याचा डोळा लागतो न लागतो तोच सगळं अंग दचकून उसळलं, हात हवेत गेला.

तिने तो धरला. सवयीने.

"आई?" तो पुटपुटला.

'धरलंय' म्हणायला तिचा आवाज आपसूक जाड व्हायला लागला होता. तिने तो आवरला. त्याचे डोळे पुरते उघडेपर्यंत थांबली.

"आई नव्हे, दादा. मी आहे. तिलाही रोज मीच धरायची."