तीनशे ऐंशी मीटर

०

हर्षा आकडे उलटे मोजते. पाच. चार.

मागून रोशनने सीट घट्ट धरली आहे. रोशनचं खुर्सीपारला टायरचं दुकान. शर्यतीत तो सगळ्यात शेवटी, बाकीचे परत आल्यावर सुटतो, म्हणून बाकी सगळ्यांना धरायचं काम त्याचंच.

तीन.

फकिराचे दोन्ही बूट पेडलात अडकलेले. पाय जमिनीवर नाहीत, आणि सायकल तर हललेलीही नाही. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस असा काही सेकंद दुसऱ्याच्या हातात असतो.

दोन.

"बाबा, श्वास घ्या." हे आकड्यांत नसतं. हर्षा त्याची मुलगी आहे, आणि वेळ लावणारीही तीच.

एक.

१

दहा किलोमीटर. मरोद्याकडच्या रस्त्याने पाच जायचे, निळ्या ड्रमला वळसा घालायचा, पाच परत यायचे. एकेकाने सुटायचं, मिनिटामिनिटाच्या अंतराने. जो सगळ्यात सावकाश तो आधी. फकिरा तीन वर्षांपासून आधी सुटतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या नळीत एक जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. शर्यत करा असं म्हणाले नाहीत, करू नका असंही म्हणाले नाहीत, कारण त्यांना ते कोणी विचारलंच नाही. मथुराने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरात तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी फकिराने सगळ्या सायकलवाल्यांसमोर जाहीर केलं, "एकवीस मिनिटाच्या वर गेलो का आपला गुरुवार बंद. कोनी सांगाची गरज नाई."

मथुराला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लिहून द्या."

त्याने लिहून दिलं. हर्षाच्या वेळांच्या वहीत, पहिल्या पानावर, सही करून.

तेव्हा तो साडेएकोणीसमध्ये यायचा. एकवीस म्हणजे फार लांबची गोष्ट होती.

२ आणि ३, एकदम

(कारण या दोन किलोमीटरमध्ये त्याने रस्ता पाहिलाच नाही.)

वीस चाळीस. वीस एकोणपन्नास. वीस पंचावन्न. हे या महिन्याचे गुरुवार. मागचा गुरुवार सोडून.

मागचा गुरुवार: एकोणीस एकतीस.

हर्षाने घड्याळ दोनदा पाहिलं होतं. रोशनने त्याला उचललं होतं, सायकलीसकट. समीर सर, नेहरू नगरला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवणारे, त्या दिवशी चौदा अडतीसमध्ये आले. हा तर गटाचा विक्रमच. त्यांनी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. त्या गुरुवारी सगळेच आपापल्या सगळ्यात चांगल्या वेळेत आले. "आज हवा आपली होती," रोशन म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. हवा मागून असली की परतताना ती समोरून येते, हे समीर सरांनाही आठवलं नाही.

मथुराने पाटवडीचा रस्सा केला. फकिराने दोनच घास खाल्ले.

"कावून? भूक नाई?"

"आहे ना."

पण पाय सांगत होते, एकवीसच्या वर. पायांना घड्याळ नसतं, तरी त्यांना कळतं. रेल मिलमध्ये, रूळ तयार करताना, फकिराने तेहतीस वर्षं काढली. तिथं माप एक सांगतं आणि डोळ्याला दुसरंच दिसतं, तेव्हा माणूस खूश होत नाही. तो मागं सरकतो. कुठंतरी काहीतरी तुटणार असतं.

त्या रात्री तो आपल्याच छातीवर हात ठेवून झोपला. पाय खोटं सांगून राहिले का घड्याळ? पाय खोटं सांगत असतील तर आतलं काय काय खोटं सांगत असेल?

४

पाय.

पाय.

पाय.

४.६२

इथं एक छोटा पूल आहे. पुलाच्या कठड्यापाशी, धुळीत, एक गोल डाग. मागच्या गुरुवारी ड्रम इथं होता; आता तो परत पाच किलोमीटरवर नेऊन ठेवला आहे.

रविवारी सकाळी फकिराने पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली आणि सायकल हातात धरून सुरुवातीच्या रेषेपासून चालत निघाला. चिंधी वर आली की एक. शंभर झाले की हँडलवर खडूची एक रेघ. दूधवाला थांबला.

"पंचर आहे का भाऊ?"

"नाई. मोजून राहिलो."

"काय?"

"रस्ता."

दूधवाला पुढं निघाला. फकिरा ड्रमपाशी पोचला तेव्हा हँडलवर बावीस रेघा होत्या. दोन हजार दोनशे फेरे. पाच किलोमीटरला हवे होते दोन हजार तीनशे ऐंशी.

रस्त्याच्या कामाची माणसं आली होती. त्यांना पाइप टाकायचा होता, मध्ये ड्रम आला, त्यांनी तो उचलून अलीकडे आणून ठेवला. एवढंच. आणि वळणावर बसणारा कवडू, निवृत्त गेटमन, आपली घडीची खुर्ची घेऊन आला आणि जिथं ड्रम दिसला तिथं बसला. त्याचं काय चुकलं? ड्रमपाशी बस असंच त्याला सांगितलं होतं.

एकशे ऐंशी फेरे, म्हणजे तीनशे ऐंशी मीटर जाताना कमी, तीनशे ऐंशी येताना कमी.

फकिरा पुलाच्या कठड्यावर बसला आणि हसला. एकटाच, मोठ्याने. पाय खरं बोलत होते. छातीतलं जे काही होतं, तेही खरं बोलत असणार.

मग त्याचं हसू थांबलं, कारण त्याला गणित येत होतं.

५

"ये बापा, ये! आज ड्रम नाई हलला, मी हात ठेवून बसलो!" कवडू खरंच ड्रमवर हात ठेवून बसला आहे.

वळसा. डावा पाय बाहेर, ब्रेक, झोक, परत उभं राहून सहा जोरकस फेरे.

"किती झाले?" फकिरा ओरडतो.

"मले काय माहीत! माझ्यापाशी ड्रम आहे, घड्याळ नाई!"

६

गणित हर्षाने केलं होतं, रविवारी दुपारी, वहीच्या मागच्या पानावर. तिने ते दोनदा केलं.

"एकवीस सात येतात बाबा. पूर्ण रस्ता असता तर."

"हाव. मी बी तेच काढलं."

"मग?"

"मग काय. सांगा लागते."

स्वयंपाकघरातून मथुरा बाहेर आली. हात पिठाचे. तिने दोन वर्षं या आकड्याची वाट पाहिली होती. आता तो आला होता, तोही चोरपावलांनी, वहीच्या मागच्या पानावर.

"सांगलं तर तुमचाच गुरुवार जाईन," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आनि त्या बाकीच्या पोरांचं? जिलेब्या खाल्ल्या ना सगळ्यांनी."

"त्याच्यासाठीच तर."

मथुराने हाताचं पीठ झटकलं. "मंग गुरुवारी मी बी येऊन राहिली," ती म्हणाली आणि पोळ्या करायला आत गेली. दोन वर्षांत ती एकदाही रस्त्यावर आली नव्हती.

७

वारा. समोरून.

डोकं खाली. कोपरं आत.

(सांगितलं ते असं. आजच, शर्यत सुरू व्हायच्या आधी, पंधरा मिनिटं. सगळे हवा भरत होते. फकिरा मध्ये उभा राहिला.)

"एक गोष्ट सांगाची आहे. मागच्या गुरुवारचा ड्रम चुकीचा होता. साडेसातशे मीटर कमी गेलो आपन. माझे एकोणीस एकतीस खोटे आहेत. तुमचे बी."

पंपाची फूसफूस थांबली. फकिराने समीर सरांकडे पाहायचं टाळलं. चौदा अडतीस. त्या माणसाने फळ्यावर लिहून वर्गाला दाखवलं होतं, मेहनतीचं उदाहरण म्हणून.

समीर सर खाकरले. "काका, खरं सांगू? माझ्या मनगटावरच्या घड्याळानं त्या दिवशी नऊ पॉइंट दोन दाखवलं होतं."

"मंग?"

"मी म्हटलं, घड्याळ खराब झालं. कंपनीला मेल केला. तक्रार केली, तुमचं जीपीएस बकवास आहे म्हणून."

रोशनने पंप खाली ठेवला. "सर, मेरा भी नौ पॉइंट दो था. मी बी म्हनलं, सिग्नल नसन लागत झाडांच्या खाली."

"झाडं कुठं आहेत रे त्या रस्त्यावर?" हर्षा म्हणाली.

"तेच ना ताई! दोन दिवस मी झाडं शोधून राहिलो!"

मग एकेकाचं बाहेर आलं. मोहितच्या फोनमध्ये नऊ पॉइंट तीन. त्याने फोन दोनदा बंद-चालू केला होता. आणखी एकाने बॅटरीला दोष दिला होता. नऊ माणसं, त्यातल्या सात जणांपाशी यंत्र, सातही यंत्रं एकच सांगत होती, आणि सातही जणांनी आपापल्या यंत्राला शिव्या घातल्या होत्या.

समीर सर हसायला लागले ते थांबेनात. रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "वाचवलं काका तुम्ही. आठवडाभर वाटत होतं, पुढच्या वेळी पंधरा पन्नास आले तर लोक काय म्हणतील. आता येऊ द्या."

"सर, वर्गाला काय सांगाल?"

"सांगीन, मोजायच्या आधी ड्रम कुठं आहे ते बघा. परीक्षेत येईल."

मथुरा स्कूटरपाशी उभी होती, पदर खोचून. तिला यातलं निम्मं कळलं नाही. पण हसणारी माणसं तिला दिसत होती. आपला नवरा त्यांच्यामध्ये उभा आहे, आणि सगळ्यांच्या खांद्यावरचं काहीतरी खाली उतरलं आहे, फक्त त्याच्या खांद्यावर अजून एक आकडा बाकी आहे, हेही तिला दिसत होतं.

८

श्वास आत. श्वास बाहेर. आत.

बाहेर.

मांडी जळते आहे, डावी. उजवी नंतर जळेल. नेहमीचा क्रम. घाबरायचं कारण नाही. छातीत काही नाही. छातीत फक्त छाती आहे.

९.२४

मागच्या गुरुवारी एवढंच अंतर झालं होतं. त्या हिशोबाने आज इथं, या पिवळ्या फाटकासमोर, त्याचं घड्याळ थांबायला हवं.

आज थांबत नाही. अजून साडेसातशे मीटर आहेत, आणि एवढे जास्तीचे मीटर मागच्या आठवड्यात कोणीच कापले नव्हते.

इथं त्याने एक गोष्ट केली जी गेल्या दीड महिन्यात केली नव्हती. डोकं वर केलं. उजवीकडे तलावाचं पाणी होतं, त्यावर ऊन तिरपं पडलं होतं, दोन बाया काठावर भाजी धूत होत्या आणि त्यातली एक दुसरीला काहीतरी सांगताना हातातली जुडी हलवत होती.

किती सेकंद गेले? एक. फार तर दोन.

मग परत डोकं खाली आणि जे होतं ते सगळं.

१०

रेषा.

हर्षाने बटण दाबलं. पाहिलं. वहीत लिहिलं. मग मोठ्याने वाचलं, कारण प्रत्येकाची वेळ मोठ्याने वाचायची हा तिचाच नियम होता.

"एकवीस सहा."

घड्याळाबाहेर

फकिराने सायकल वळवून आणली. उतरताना रोशनने दंड धरला. तोही त्या जाहीर घोषणेच्या दिवशी हजर होता.

हर्षा वही मिटून उभी. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, वारा होता," ती म्हणाली. "मी वहीत वारा लिहू?"

"नको."

"सहाच सेकंद आहेत."

"सहाच हायेत. तू सात काढले होते, मी सहावर आलो. गणितापेक्षा एक सेकंद चांगला." तो हसत होता, आणि ते हसणं दाखवण्यापुरतं नव्हतं. "पाय म्हनत होते तेवढंच आलं, हर्षा. बरोबर तेवढंच. आत काही बिघडलं नाई."

तेवढ्यात समीर सर आले, सहा मिनिटं मागून सुटलेले, तोंड उघडं, लाळ हनुवटीवर. "पंधरा बावन्न!" हर्षाने वाचलं. समीर सरांनी दोन्ही हात वर केले, जणू जिंकले. मग थांबून फकिराची वेळ विचारली, आणि हात खाली आले.

"काका, पुढच्या गुरुवारी परत—"

"नाई सर. लिहून देलं आहे."

"अहो, पण ते कोण मोजतंय!"

"मी," फकिरा म्हणाला.

मथुरा आली. ती सगळ्यांच्या मधून सरळ त्याच्यापाशी आली आणि लोकांसमोर, दिवसाउजेडी, घामाने चिंब झालेल्या जर्सीवर, छातीच्या डाव्या बाजूला तळहात ठेवला. तेहतीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तिने असं काही केलं नव्हतं. रोशनने तोंड फिरवून पंप उचलला.

"अजी, किती जोरात चालून राहिलं हे," ती म्हणाली.

"उतरते आता."

"उतरू द्या."

"लोक पाहून राहिले, मथुरा."

"पाहू द्या. दोन वर्षं गुरुवारी संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसत होती. कोनी पाहिलं होतं?"

तो तसाच उभा राहिला. मोहित आला, त्याची वेळ वाचली गेली, मागच्या आठवड्यापेक्षा सव्वा मिनिट जास्त, आणि तो "वा रे वा!" म्हणून ओरडला. मग आणखी एक जण आला. प्रत्येकाची वेळ जास्त होती आणि प्रत्येकजण खूश होता. कोणाला आता यंत्राला शिव्या द्यायच्या नव्हत्या. तिकडे कवडू अजून ड्रमवर हात ठेवून बसला असणार, रोशन सुटायचा बाकी होता.

तळहाताखाली ठोके आधी एकमेकांत घुसत होते. मग सुटे झाले. मग एकेक ऐकू येईल इतके.

"आता?" फकिराने विचारलं.

"थांबा," मथुरा म्हणाली. हात तिने काढला नाही. "अजून थोडं."