रविवारचं मैदान

नागसेन ढवळेंनी बुटाचं टोक फक्कीच्या पांढऱ्या रेषेला टेकवलं, एक डोळा मिटला आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत नजर लावली. रेष एका सुतात होती. खो-खोचं असं आखलेलं मैदान अख्ख्या हैदराबादेत दुसरं नसेल, असं ते दर सोमवारी म्हणत आणि मग मैदानाची देखभाल करणाऱ्या अविनाशच्या पाठीवर थाप मारत.

"अविनाश, हात आहे का काय तुझा!"

"जी साब," अविनाश म्हणाला आणि कंबर चोळत खोलीकडे सटकला. कौतुक झालं की हा गडी पळ का काढतो, हे ढवळे सरांना कळत नसे. लाजाळू असेल, असं ठरवून त्यांनी तो विषय मिटवला होता.

नारायणगुड्याच्या या जुन्या कॉलेजात ते पीडी, म्हणजे खेळाचे मास्तर. शहरातल्या सात कॉलेजांच्या लीगचा कप त्यांच्या मुलींनी सलग नऊ वर्षं आणला होता आणि दहावा ते धरूनच चालले होते. अशात शहराबाहेरच्या एका नव्या कॉलेजला लीगमध्ये यायचं होतं. तळाला इडली-डोशाचं टिफिन सेंटर, वर तीन मजले वर्ग, असं ते कॉलेज. त्याची पीडी शिवानी म्हणजे ढवळे सरांच्या बुद्धविहारातल्या कोंडाबाईंची नात. आजीचा पदर धरून तिथं यायची तेव्हापासून ढवळे सर तिला ओळखत. तिच्या मुली पायाला भिंगरी लावल्यासारख्या पळतात, हे सगळ्यांच्या कानावर होतं. पण विद्यापीठाचा संघ निवडणारे फक्त लीगचेच सामने बघायला येत. लीगबाहेरच्यांनी कितीही पळावं, बघायला कोणी नाही.

बैठकीत तीन मतं बाजूने पडली, तीन विरुद्ध. उरलं अध्यक्षांचं, म्हणजे ढवळे सरांचं.

"घ्या की हो त्यांना," नल्लकुंट्याच्या कॉलेजचे सुधीर सर म्हणाले. मूळचे पुण्याचे, चिमटा काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. "का दहावा कप हातचा जाईल म्हणून भीती वाटते?"

"भीती? मला?" ढवळे सर हसले. "नियमात आहे, मैदान असल्याशिवाय कॉलेज घ्यायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर खो-खो खेळतात का? रविवारी जाऊन बघतो. मैदान असलं तर माझं मत त्यांना."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची रीत नव्हती. या वेळी मात्र भांडं पाठीमागे होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

शिवानीने फोनवर सांगितलं, "सर, रविवारी सकाळी नारायणगुड्याच्या चौकात थांबा. मी येते."

एरवी काका म्हणणारी पोर सर म्हणाली, हे त्यांना जरा बोचलं.

रविवारची सकाळ त्यांची विहाराची. त्या दिवशी मैदानाकडे ते कधी फिरकत नसत. आज विहार चुकवून ते चौकात उभे राहिले. शिवानी स्कूटरवरून आली आणि चौकातच स्कूटर स्टँडवर लावून चालू लागली.

"गाडी कामून लावलीस? लांब जायचंय ना?"

"नक्को सर. इथंच आहे."

दोन वळणं घेऊन ती ज्या फाटकापाशी थांबली, ते ढवळे सरांच्याच कॉलेजचं मागचं फाटक होतं. फाटक उघडं होतं आणि शेजारी अविनाश मान खाली घालून उभा होता.

आत दोन मुलींनी खांबापासून खांबापर्यंत सुतळी ताणून धरली होती. तिसरी तिच्या कडेने डब्यातून फक्की सोडत चालली होती. बाकीच्या मुली खडे वेचत होत्या, पाणी मारत होत्या. सोमवारी सकाळी ढवळे सरांना जे मैदान मिळे, ते त्यांच्या डोळ्यांदेखत तयार होत होतं.

"साहेब, वर्ष झालं, माझी कंबर वाकत नाही," अविनाश पुटपुटला. "सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं मला. या पोरी आखून देतात, मी फाटक उघडतो."

ढवळे सरांना आधी राग आला आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटली. वर्षभर त्यांनी थाप मारली ती चुकीच्या पाठीवर.

"एका लग्नाच्या फंक्शन हॉलवाल्याने एक दिवस लॉन देतो म्हटलं होतं," शिवानी म्हणाली. "आमच्या नावाचा बोर्डही लावणार होता. पण तुम्हाला खोटं दाखवायला मन झालं नाही. तुम्ही विचारलं, कुठं खेळता. इथं खेळतो."

"खेळा मग. बघू द्या."

मुली खेळल्या. एक शिडशिडीत पोर खांबाला हात घालून अशी वळली की ढवळे सर बसल्या जागेवरून उठले. त्यांच्या संघात एकीलाही असं वळता येत नव्हतं. दहावा कप या पोरींच्या पायांत आहे, हे त्यांना लख्ख दिसलं. यांना मैदान नाही, एवढंच बैठकीत म्हटलं असतं तर कप राहिला असता, आणि ते खोटंही नसतं.

पुढच्या बैठकीत ते उभे राहिले.

"मैदान आहे. बघून आलो. आखणी एक नंबर."

"कुठे आहे?" सुधीर सरांनी विचारलं.

"नारायणगुड्यात. आमचंच. दर रविवारी ते त्यांचं. प्राचार्यांची सही घेऊनच आलोय. माझं मत त्यांना."

सुधीर सर हळूच म्हणाले, "ढवळे, कप जाईल हो."

"जाईल तेव्हा बघू. नऊ वेळा काय लॉटरीत लागला होता?"

त्यानंतरच्या रविवारी विहारातून ते थेट मैदानावर आले आणि एका मुलीच्या हातातून सुतळीचं टोक घेऊन उकिडवे बसले.

"शिवानी, मैदान दिलंय. कप दिलेला नाही."

"मागतंय कोण, काका?" दुसरं टोक ताणत ती म्हणाली. "तो आम्ही खेळून नेऊ."

सोमवारी ढवळे सरांनी बुटाचं टोक रेषेला टेकवलं आणि एक डोळा मिटला. अविनाश शेजारी येऊन उभा राहिला. आता तो पळत नव्हता.

"साहेब, या टोकाला जरा वाकडी गेली का?"

"चार बोटं गेलीय."

"इकडून सुतळी कोणी धरली होती?"

ढवळे सरांनी बुटाने तिथली फक्की पुसली.

"नवा आहे," ते म्हणाले. "शिकेल."