काटोलला गेलेली ट्रंक

“अबे, थांबव! माही ट्रंक हाय वर!”

नत्थूजी धावले, पण काटोलची एसटी धूर सोडत नागपूर स्टँडच्या फाटकाबाहेर वळलीही होती. उमरेडहून ते याच गाडीनं आले होते. हमालानं शिडीवर पाय ठेवला आणि कंडक्टरनं घंटी मारली, एवढंच झालं. धोतर, अंगरखा, पगडी, चिपळ्या आणि वडिलांनी मागावर विणलेलं उपरणं, सगळं त्या पत्र्याच्या ट्रंकेत. ती टपावरून पुढे निघून गेली.

चौकशीच्या खिडकीतला माणूस काडीनं कान कोरत होता. ती काडी टेबलाला पुसून तो म्हणाला, “काहून ओरडून राहिले, काका? तेच गाडी संध्याकाळी वापस येईन. तवरिक नागपूर पाहा.”

नत्थूजींना ती काडीच दिसत राहिली.

पूर्वी ते घरच्या मागावर बसत. आता उमरेडच्या कोळसा खाणीवर चौकीदार होते. पण मन सगळं कीर्तनात. आसपासच्या खेड्यांत नारळ आणि जेवण एवढ्यावर त्यांनी जन्म काढला. नागपूरनं मात्र कधी बोलावलं नव्हतं. यंदा लकडगंजच्या लाकूड व्यापाऱ्यांनी हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळचं कीर्तन त्यांना दिलं होतं. महिनाभर ते घरात सीतेनं मारुतीला दिलेल्या मोत्यांच्या माळेचं आख्यान घोकत होते. शेवटी जयवंता, त्यांची बायको, म्हणाली होती, “आता झोपा. हनुमंतबी झोपला असंन.”

त्यांना न्यायला उत्सवाचे अध्यक्ष विश्वनाथ सेठ यांचा मुनीम आला होता, रुपराव. गाल खर्ऱ्यानं फुगलेला. तळहातावर सुपारी-तंबाखूचा नवा चुरा चोळत त्यानं सारी हकीकत ऐकली, उभ्या एसटीच्या चाकावर पिंक टाकली आणि म्हणाला, “चला, सेठले सांगू.”

सेठ आरा मशीनच्या ओट्यावर पायाची नखं काढत बसले होते. बोलता बोलता त्याच हातानं बशीतला पेढा उचलून त्यांनी नत्थूजींपुढे धरला.

“कीर्तनाआधी मी काही खात नाई, सेठ.”

“बरं. पन ह्या टेरिकॉटच्या शर्टात उभे राहान काय?”

“देवापुढं शर्ट काय अन् अंगरखा काय.”

“देवाचं सोडा हो. समोर साहेबलोक बसतेत. फोटोवाला सांगितला हाय.” सेठांनी पेढा स्वतःच तोंडात टाकला. “सातच्या आत ट्रंक आली तं तुमचं कीर्तन. नाईतं मले दुसरा बंदोबस्त करा लागन. रुपराव, बुवाले फिरव थोडा.”

बंदोबस्त! कीर्तन म्हणजे काय जेवणावळीतली पंगत होती? नत्थूजी रुपरावच्या मागे निघाले.

मग दिवसभर रुपरावनं त्यांना फिरवलं. चैत्राचं ऊन, पोटात काही नाही. शुक्रवारी नावाच्या तलावाच्या हिरव्या पाण्यावर एक फुगलेलं कुत्रं तरंगत होतं आणि चार हातांवर एक गृहस्थ खुशाल चूळ भरत होते. महाराजबागेतल्या सिंहाच्या कानाला जखम झाली होती, तिच्यावर माश्या. लोक त्याला शेंगदाणे मारून हसत होते. बर्डीच्या बाजारात रसवंतीच्या पेल्यात माशी पडली. रुपरावनं ती बोटानं काढून फेकली आणि रस पिऊन टाकला.

“बुवा, नाक काहून आवळून राहिले? नागपूर हाय हे, वैकुंठ नोहे!”

“तुमी देवळातबी असेच थुंकता काय हो?”

“देवळाच्या भाईर.” रुपराव मनापासून हसला. “मीबी गातो बरं का, बुवा! गनपतीत, आर्केस्ट्रात. आमचे सेठ म्हनते, रुपरावचा गळा म्हंजे रेडिओ.” आणि त्या लाल तोंडानं त्यानं भर रस्त्यात सिनेमाची एक लकेर घेतली. पुढच्या श्वासाला पिंक.

नत्थूजींना वाटलं, या माणसाच्या सावलीलाही वास येत असेल. मग वाटलं, असं मनात येणं हेही काही चांगलं नाही. पण येत होतं.

ऊन कललं तशी रुपरावनं त्यांना स्टँडवर आणून सोडलं. “सेठनं लवकर बोलावलं मले. तुमी ट्रंक घेऊन सायकलरिक्षानं या.” जाताना त्यानं नजर का चुकवली, ते नत्थूजींना तेव्हा कळलं नाही.

गाडी आली ती अंधार पडताना. टपावर कोणी कोंबड्यांचे खुराडे बांधले होते. ट्रंकेवर विष्ठेचे ओघळ वाळून चिकटले होते. नत्थूजींनी ती नळाखाली धरली, हातांनी घासली. कपडे बदलायला आडोसा फक्त स्टँडच्या संडासाचा. खाली घाण साचलेली. धोतराचा सोगा दातांत धरून, एका पायावर उभं राहून त्यांनी देवापुढचे कपडे तिथं अंगावर चढवले. ओकारी येत होती. पोटात काही नसल्यानं नुसतेच उमासे. रिक्षात बसून चुकत-माकत गंध लावलं.

लकडगंजच्या वळणावरच लाउडस्पीकर ऐकू आला. सिनेमाची चाल, शब्द मारुतीचे.

मांडवातल्या मंचावर रुपराव उभा होता. नाटकवाल्याकडून आणलेली मोत्यांची पगडी, अंगावर झगझगीत शेला. गाल फुगलेलाच.

सेठांनी बसल्याजागी हात हलवला. “उशीर केला ना, बुवा! बसा आता. पुढच्या साली पाहू.”

नत्थूजी पगडीसकट लोकांत उभे राहिले. पोरं त्यांच्याकडे पाहून फिदीफिदी हसली. पगडी काढून ते खाली बसले आणि ती मांडीवर घेतली.

रुपरावनं आख्यान घेतलं होतं तेही माळेचंच. मोती फोडून त्यात राम शोधणारा मारुती. नत्थूजी महिनाभर जे म्हणताना गहिवरत होते, ते इथे भलतंच झालं. मारुती सोनाराच्या दुकानात शिरला, सोनाराची सासू आली, मांडव हसून लोळला. मध्येच रुपराव वळला आणि देवाच्या चौरंगामागे केळीच्या खांबापाशी थुंकला. नत्थूजींनी डोळे मिटले. उठून जावं, आत्ता. पण चालू कीर्तनातून उठायचं नसतं. ते बसून राहिले. टाळ्यांच्या जागी टाळी वाजवली.

कीर्तन संपलं. पाया पडायला रांग लागली. कीर्तनकार उभा असतो ती नारदाची जागा. तिथं लेक उभा असला तरी बापानंही त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, अशी रीत आहे. नत्थूजी रांगेत उभे राहिले.

त्यांना पाहून रुपराव मागे सरकला. “बुवा, तुमी नका! सेठनं उभं केलं मले. नाई म्हनलं असतं तं उद्या कामावर घेतलं नसतं. लेकराबाळाचा मानूस हाय मी.”

“सरकू नका,” नत्थूजी म्हणाले. “जागा सोडू नका.”

ते वाकले. त्या पायांवर लाकडाचा भुसा होता, अंगठ्यावर लाल शिंतोडा. तंबाखूचा वास नाकात गेला. नत्थूजींनी तिथेच कपाळ टेकलं. 

ते उठून वळले, तोच मागच्या म्हातारीनं त्यांचा अंगरखा आणि हातातली पगडी पाहून त्यांचेच पाय धरले.

“मी नाई, माय,” नत्थूजींनी तिला उठवलं. “आज बुवा ते हायेत.”

म्हातारी एकदा यांच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागली. नत्थूजींनी तिला दंडाला धरून मंचाच्या पायरीवर चढवलं, आणि बाजूला होऊन मागच्यांना वाट करून दिली.