आधी सगळ्यांची नावं

घरचा टेप डेक गाडीच्या स्टिरिओला जोडता येईल, हे मला सुचलं खरं. पण बोलू की नको, यातच बराच वेळ गेला. जन्मभर शाळेत पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या माणसाला वायरींतलं काय कळतं?

वादळानं आमच्या बेटावरच्या गावातली वीज गेली होती. त्याआधीच आमचा मुलगा पेनिआमिना परदेशात, ऑकलंडच्या लाकडाच्या वखारीत अपघातात गेला. त्याला तिथेच पुरलं. माझी बायको सिएनी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आम्हाला जाता आलं नाही. त्याच्या खोलीत आमच्यासाठी भरलेली, पाठवायची राहून गेलेली एक कॅसेट सापडली. ती त्याचा मित्र वादळानंतर घेऊन आला. पेनीनंच पूर्वी पाठवलेला डेक उंच फळीवर होता म्हणून वाचला. स्पीकर समुद्राच्या पाण्यात गेले.

"मरायच्या आत एकदा त्याचा आवाज ऐकवा," सिएनी म्हणाली. एवढंच मागितलं तिनं.

शेवटी मी भाच्याला, फेतुआओला सांगितलं.

"मामा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" तो हसला. पण पिकअप घेऊन आला, पाद्रीबाबांचा इन्व्हर्टरही मागून आणला. आमच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब आणि छप्पर. त्यानं गाडी थेट खांबांना लावली आणि दारं उघडी टाकली. इन्व्हर्टर बॅटरीला, डेक इन्व्हर्टरला, आणि डेकमागच्या लाल-पांढऱ्या वायरी स्टिरिओच्या मागे.

आवाज येईना.

"पेनी लाजतोय," फेतुआओ म्हणाला. "बापावर गेलाय."

"लाजेल नाहीतर काय! वायर चुकीच्या भोकात घातलीस," सिएनी पडल्या पडल्या म्हणाली. "मला इथून दिसतंय."

खरंच चुकली होती. त्यानं वायर बदलली. इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येणार नाही म्हणून ते बंद केलं आणि कॅसेट लावली.

पेनी बोलू लागला. आधी देवाचे आभार. मग पाद्रीबाबांना वंदन. मग गावातल्या एकेका मानकऱ्याला, त्याच्या किताबाला, गावसभेतल्या त्याच्या बैठकीला. कोणाचं काही चुकू न देता. हे मीच त्याला शिकवलं होतं. घरच्यांशी बोलायचं ते सगळ्यांत शेवटी.

"मामी, पुढे पळवू का?" फेतुआओनं हळूच विचारलं. "बॅटरी जुनी आहे गं."

"खबरदार!" सिएनी म्हणाली. "मानकऱ्यांना ओलांडून माझ्याकडे येणार? असा नाही वाढवला मी त्याला."

मलाही तेच योग्य वाटत होतं.

पेनी आजोबांच्या किताबापर्यंत आला, मग माझ्यापर्यंत. "बाबा, तुमची तब्येत..." सिएनीनं केसांवरून हात फिरवला, जणू कोणी दारात आलं होतं.

"आता माझी पाळी," ती म्हणाली.

तेवढ्यात त्याचा आवाज जड झाला, म्हाताऱ्या माणसासारखा लांबत गेला आणि थांबला. फेतुआओनं चावी फिरवली. गाडीनं नुसतं टक् केलं.

"मामी, दुसरी बॅटरी आणतो. झोपू नकोस हां!"

"नाही रे. इतका वेळ थांबले, आणखी थोडं."

रस्त्यावर झाडं आडवी पडली होती. तो शेजारच्या गावाकडे पळतच गेला. सिएनीनं माझा हात धरला, पण डोळे गाडीकडेच होते. फेतुआओ खांद्यावर बॅटरी घेऊन धापा टाकत परतला, तेव्हाही ते उघडेच होते. मी ते मिटले.

सकाळी तिला ठेवणीतल्या चटयांवर निजवलं. फेतुआओ गाडीपाशी खाली मान घालून उभा होता.

"लाव," मी म्हणालो.

"जिथे थांबली तिथून?"

"नाही. पहिल्यापासून."

पुन्हा देव आले, पाद्रीबाबा आले, सगळे मानकरी आले. मग मी. माझी तब्येत, माझा चष्मा, माझी पुस्तकं. मग पेनी जरा खाकरला.

"बाबा, आता तुम्ही थोडं बाहेर बसा. मला आईशी बोलायचंय."

फेतुआओनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, त्यालाही सोबत घेतलं. कॅसेट चालू ठेवून आम्ही समुद्राकडे निघालो, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.