विशाखाच्या नावावरच्या गोळ्या

व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न होता, तुम्हाला कधी क्षयरोग झाला होता का? वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, सांगण्यावरून मी "नाही" लिहिलं. एक्स-रेने माझं पितळ उघडं पाडलं. फुप्फुसावर जुना व्रण दिसला आणि खोटी माहिती दिली म्हणून व्हिसा नाकारला. खरं लिहिलं असतं तर कदाचित गेलेही असते.

सिडकोतले वकील म्हणाले, "अपील करू. लहानपणी पूर्ण उपचार घेतल्याची नोंद आणा. एकवीस दिवस आहेत." मला हायसं वाटलं. नऊ वर्षांची असताना मी सहा महिने गोळ्या गिळल्या होत्या. नोंद कुठं जाणार?

फर्दापूरजवळच्या आमच्या गावी आरोग्य केंद्रातलं जुनं रजिस्टर निघालं. माझं नाव नव्हतंच. त्या वर्षी नऊ वर्षांची एकच मुलगी होती. विशाखा साहेबराव साळवे, उपचार पूर्ण. साहेबराव आमचे सालगडी.

घरी विचारलं, तर अण्णा पेपरातून मानही वर न करता म्हणाले, "तुजं नाव घातलं असतं तर सोयरीक कुठून आली असती? कंपाउंडर आपला माणूस. त्यांच्या पोरीचं नाव घातलं. त्यांचं काय गेलं?"

काय गेलं ते बजाजनगरला गेल्यावर कळलं. विशाखा आता वाळूजच्या एका कंपनीत आहे, एका खोलीत राहते. वकिलांना दोन प्रतिज्ञापत्रं हवी होती. एक विशाखाचं, की "मला हा आजार कधीच नव्हता." दुसरं अण्णांचं, की "नाव मी बदललं." मी आणि अण्णा ती टाइप करूनच घेऊन गेलो होतो.

विशाखानं पाणी दिलं. मग उभ्यानंच बोलली.

"बाबा दर आठवड्याला गोळ्या आणायचे अन् तुमच्या घरी द्यायचे. गावाला वाटलं, मलाच हाय. शाळेत खिचडी मला लांब पायरीवर वाढायचे. मोठेपणी दोनदा सोयरीक मोडली. बाबा मरेपर्यंत गप राहिले, अण्णांनी शब्द घेतला व्हता म्हणून."

मला शरम वाटली. खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त भीती वाटली, की ही आता नाही म्हणेल.

तिनं दोन्ही कागद वाचले. "करते सही. आधी अण्णांनी करावी, माझ्यासमोर."

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं, कागद पाहिला आणि टोपण परत लावलं. "यात माजं नाव कशाला? साहेबरावनं आपल्या मनानं केलं, असं लिहू. तो तर गेलाय."

विशाखा माझ्याकडं बघत राहिली. मी तेव्हाच अण्णांचा हात धरायला हवा होता. अपिलाचे चार दिवस उरले होते आणि अण्णा ऐकणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हणाले, "विशाखा, तसं लिहिलं तर चालेल ना? बाबांना आता काय फरक पडणार?"

तिनं कागद माझ्या हातात ठेवले.

"अण्णांचं मला काय वाटलं नाय," ती म्हणाली. "तू तरी वेगळी असशील म्हणून दार उघडलं व्हतं. निघा आता."

मुदत शुक्रवारी संपली. अण्णा मजेत आहेत. मला राग विशाखाचा येतो, तिचं काहीही चुकलेलं नसताना, रोज येतो.